खोली, मीटरमध्ये

अर्जातला अकरावा रकाना : गहराई, मीटर में.
मी मनातल्या मनात मराठी करते, सवयीनं,
जशी आई भाजीवाल्याशी हिंदीत भांडायची
आणि उरलेले पैसे मराठीत मोजायची.
खोली.
दर वेळी क्षणभर
पाण्याला चार भिंती दिसतात मला,
एक खिडकी,
खुंटीला अडकवलेलं जाळं.

गेंदाबाई केवट. वय, "लिख लो पचपन."
देपालपूरच्या पलीकडून दोन बस बदलून
इंदूरच्या या कचेरीत पोचलीय,
दुपारच्या जेवणाची सुट्टी सुरू व्हायला सात मिनिटं असताना.
पिशवीतून एकेक काढते :
तळ्याच्या पट्ट्याचा ठराव, शिक्का पालथा उमटलेला,
अकरा बायकांचे अंगठे,
आणि पासबुक, ज्याच्या पानांत
एकशे बारा रुपये जमा
आणि एक वाळलेलं खवलं.

बायकांच्या गटाला अनुदान जास्त,
हे तिला माझ्याआधी ठाऊक.
ती वेगळंच विचारते :
"पेलां पइसा आवेगा के मच्छी?"
पंडितराव साहेब समजावतात,
आधी खर्च, मग बिल, मग तपासणी, मग रक्कम.
ती ऐकून घेते. म्हणते,
"तो थांकी मच्छी उल्टी तैरे."

बरं, खोली किती?
ती उठून उभी राहते.
हात घोट्याला लावते : आषाढ.
कमरेला : राखी.
मग हनुवटीखाली आडवा तळहात : नवरात्र.
त्याच्या वर नाही, त्याच्या वर गेलं
तर पाळ फुटते आणि मासे शेजारच्या सोयाबीनमध्ये.

मीटर, बाई, मीटर.
ती म्हणते, माझ्या अंगानं एवढं.
सासू उंच होती, तिचं तळं उथळ होतं.

कचेरीत टेप असतो, तो सापडत नाही,
सापडतो, तेव्हा पहिले तीन सेंटिमीटर झिजलेले.
मी तिला भिंतीला पाठ लावून उभं करते,
हनुवटीशी पेन्सिलीची रेघ.
एक पूर्णांक एकोणचाळीस.
लिहिलं.

मे महिन्यात तपासणी.
मोबाईलवर तळ्याचा फोटो घ्यायचा,
फोटोत पाणी दिसलं पाहिजे, असा नियम.
तळ्यात भेगा होत्या, बकऱ्यांच्या लेंड्या,
शिंगाड्याची काळी, काटेरी टरफलं.
गेंदाबाई उतरली, मधोमध जाऊन उभी राहिली,
हनुवटीखाली आडवा हात,
जणू एवढ्यात श्वास धरेल.
मी फोटो काढला.
साहेब म्हणाले, यात पाणी कुठाय?
म्हटलं, तिच्या हाताखाली.

अर्ज दोनदा परत आला.
एकदा फोटोमुळे, एकदा
गेंदाबाई आणि गैंदा बाई
या दोन वेगळ्या बायका निघाल्या म्हणून.

भाद्रपदात बीज आलं. रोहू, कटला, मृगळ,
हवा भरून फुगवलेल्या पिशव्यांत
करंगळीएवढी, अस्वस्थ.
तिनं एकही पिशवी लगेच उघडली नाही.
सगळ्या पाण्यावर ठेवल्या, तरंगू दिल्या.
आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी
आधी एकमेकांना हात लावून बघू देत.
प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे पान चारवर आहे.
तिला वाचता येत नाही.

पहिला हप्ता आला. दुसरा फाईलमध्ये आहे.
फाईल माझ्या टेबलावर नाही,
हे मी तिला फोनवर चार वेळा सांगितलंय,
आणि चारही वेळा ती म्हणाली,
"कोई बात नी, बेन. मच्छी तो खा री हे."

परवा कचेरीला रंग काढला.
रंगारी पोरगा ब्रश हातात धरून विचारत होता,
मॅडम, ही भिंतीवरची रेघ कसली?
पुसू?

म्हटलं, राहू दे.
इथवर पाणी येतं.