चौदा नंबर

मिरजेच्या कॉलेजमागं, शवागाराच्या पलीकडं
एक लांबट खोली आहे, कायम बावीस अंशांची.
बारा तास उजेड, बारा तास अंधार,
बाहेर मे असो की डिसेंबर.

दस्तगीरमामा उंदरांना पिक्रिकचे पिवळे ठिपके लावतात,
डोक्यावर, पाठीवर, शेपटीच्या मुळाशी.
"हळद लागली बघा," म्हणतात
आणि हसत नाहीत.

आधी उंदराचं मूत्रपिंड वाटून सशाला टोचायचं.
ससा दोन महिन्यांत वैर शिकतो.
मग सशाचं सीरम परत उंदराच्या शेपटीत.
मी शेपूट कोमट पाण्यात धरते, शीर फुगते,
सुई जाते. एवढंच.
पुढचं उंदीर स्वतःच करतो.

रात्रभर तो जाळीवर एकटा,
खाली नरसाळं, नरसाळ्याखाली नळी.
सकाळी नळीत आम्लाचे थेंब सोडले
की दूध सांडल्यासारखं पांढुरकं होतं सगळं.
वहीत लिहायचं : दोन अधिक. तीन अधिक.

वैजूच्या कागदावरही तीन अधिक होतं.
तिला कुणी काही टोचलं नव्हतं.
तिची काच मी हट्टानं पाहिली :
काळोखात हिरवे ठिपके, नुसते ठिपके.
उंदराची रेघ सलग असते.
सर म्हणाले, मॉडेल म्हणजे मूळ नव्हे, ताई.
ते मला ठाऊक होतं. तरी.

चौदा नंबरला तीच बाटली, तोच डोस, हाच हात.
सातव्या दिवशी नितळ. चौदाव्या दिवशी नितळ.
एकविसाव्यालाही नळीतून पलीकडची खिडकी दिसत होती.
"शिरेत गेलं नसेल नीट," सर म्हणाले, "वगळा त्याला."
गेलं होतं. बोटांना कळतं ते.

अठ्ठाविसाव्या दिवशी सगळे.
दस्तगीरमामांनी विचारलं, "ह्यालाबी?"
मी मान हलवली.
बशीत ते घेवड्याच्या दाण्याएवढं, लालसर, ओलं,
इतकं बरं की बघवेना.

मंगळवारी सांगलीत वैजूच्या खाटेशी बसले.
यंत्राचं चाक फिरत होतं, नळ्या उबदार.
"तुझ्या उंदरांचं काय झालं गं?"
"एक ठणठणीत होता."
"कसा काय?"
मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

चौदाचा मेणठोकळा माझ्या खणात आहे.
वहीत नाही.