अक्रोडाची चौकशी

गायसरव्हिलच्या वर, महामार्गाकडे पाठ करून
एक रस्ता निघतो. पाटीवर नाव : कियांती.
पुढे लागतं ॲस्टी.
इटलीतून निघालेल्यांनी बोटीत काय काय आणलं असेल,
ओल्या चिंधीत वेलींच्या काड्या, आणि ही नावं.
मी तासगावहून बेदाण्याची एक पुडी आणली होती,
ती विमानतळावरच काढून घेतली.

रविवारी सहाला निघतो.
धुकं खोऱ्यात मांडी घालून बसलेलं,
रस्त्यावर माझ्या टायरचा आवाज, माझाच दम,
आणि जूनमध्ये, ओळीओळीनं, ठिबक.
ते कुठेही ऐकलं तरी घरचंच वाटतं.

वाट लिहून दिली एल्वियो ब्रागान्योलोनं,
वाइनच्या लेबलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं :
लाल टपालपेटीशी डावीकडे.
कुत्रा भुंकेल. थांबू नको,
थांबलास तर तो गप्प होतो आणि तुलाच लाज वाटते.
पुलानंतर चढ. बोलू नको.
दुसऱ्या वळणाला उतरून चाललास तरी हरकत नाही.
मी कधी चाललो नाही.

आता त्याचे दोन्ही खुबे बनावट,
सायकल गॅरेजात उलटी टांगलेली, वटवाघळासारखी.
तो ओट्यावर बसून असतो
आणि मी परतलो की उलटतपासणी :
छाटणी कुठवर आली? मोहरी फुलली ओळींमधून?
जुन्या खोडांना कुणी हात तर लावला नाही?
भुरीला इंग्रजीत काय म्हणतात मला येत नव्हतं,
मी बोटांवरून पीठ झटकून दाखवलं.
त्यानं तोंड वाकडं केलं. कळलं.

वडिलांच्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून
कैची मारत मी मळ्यात जायचो, कॅरेजला डबा.
चढ आला की उतरायचं, ढकलायचं.
त्यात लाज असते हे इथे येऊन समजलं.

मार्चमधल्या एका रविवारी गुडघा कुरकुरला.
पुलापासूनच मागे वळलो,
बेकरीत बसून दालचिनीचा पाव खाल्ला, एक नाही, दोन,
आणि वेळ जुळवून ओट्यापाशी आलो.
"वरचा अक्रोड कसा आहे?"
"छान," म्हणालो. "पालवी फुटतेय."
आणि कोण जाणे का, वर म्हणालो, "एक खारही होती."

त्यानं कॉफी ढवळली. बराच वेळ.
"अठ्ठ्याहत्तर साली मीच तोडला तो.
भावाशी बांधावरून लागलं होतं.
तो म्हणे माझा, मी म्हणे माझा.
खार तेव्हाही होती."

पुढच्या रविवारी गेलो.
लाल पेटी, कुत्रा, पूल.
दुसऱ्या वळणाला उतरलो
आणि हँडल धरून चालत राहिलो, कपाळाचा घाम डोळ्यांत.
वर बुंधा आहे, राखाडी, परातीएवढा.
वर्षं मोजायला बसलो, चाळिशीत चुकलो,
पुन्हा नाही मोजली.
खाली दोन्ही उतारांवर वेली. बांध कुठला, शोधावं लागलं.
लांब एका पिकअपच्या आडोशाला माणसं जेवत होती,
एकानं हात केला. मीही केला.

"चाललो," मी त्याला सांगितलं.
"दुसऱ्या वळणापासून, ढकलत.
बुंधा आहे.
दोन्हीकडची छाटणी सारखी झालीय,
एकाच हातानं केल्यासारखी."

खारीचं त्यानं विचारलं नाही.
गॅरेजच्या दाराकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "मीही चाललोय एकदा.
लिहायचं राहिलं."

आणि लगेच, जरा घाईनंच,
मोहरी अजून आहे का, ते विचारू लागला.