दोन रजिस्टरं

उद्यमबागेतली शेड आणि शिनोळीतली शेड
यांच्यामध्ये टेम्पोचा पाऊण तास.
हिंडलगा, सुळगा, उचगावचा फाटा, मग बाची.
बाची संपली की राज्य बदलतं.
ते कळतं खड्ड्यांवरून, म्हणतो ड्रायव्हर बाळाप्पा,
पण खड्डे कुठल्या बाजूला, ते सांगत नाही.

मालक एकच. वाळूही एकाच ढिगातली.
रजिस्टरं दोन, आणि ती भरणारी मी.
निळ्या पुठ्ठ्याचं बेंगळुरूच्या नियमांचं,
लाल पुठ्ठ्याचं मुंबईच्या.
मूळ कायदा एकच आहे म्हणतात,
जशा दोन जावा एकाच सासूच्या हाताखालच्या:
मीठ मात्र दोघींच्या हातून वेगळं पडतं.

इथल्या भिंतीवर 'एच्चरिके', तिथल्या भिंतीवर 'सावधान'.
सोमरा ओराँवला दोन्ही वाचता येत नाहीत.
तो पाटीवरची कवटी बघतो आणि विचारतो,
अक्का, दोन्हीकडं हाच माणूस मेलाय का?

साखळीचं सांगते.
दोन टन उचलणारी, मार्चमध्ये उद्यमबागेत तपासलेली,
दाखला निळ्या फाइलीत, शिक्का गोल, सही लांबलचक.
शिनोळीत पंपाच्या बॉड्यांची ऑर्डर अडली,
म्हणून साखळी टेम्पोत चढली.
दाखला फाइलीतच राहिला.
त्याला कोण नेणार बाचीच्या पलीकडं?

चार महिने ती तिथं लोंबकळली, कुणाच्याच यादीत नाही.
मग एक कडी उघडली, एवढंच.

भरमा सांबरेकरची हजेरी त्या दिवशी निळ्यात.
डावा हात लालच्या हद्दीत.
बोटं तीन.

त्याला बेळगावच्या दवाखान्यात नेला तेव्हा
सोमरा मागं वाळू चाळत बसला होता.
दोन तास तरी भरमा कर्नाटकात होता
आणि त्याची बोटं महाराष्ट्रात.

मग साहेब आले. आधी तिकडचे.
साखळी आमच्याकडं नोंदलेलीच नाही, म्हणाले.
मग इकडचे.
अपघात आमच्या हद्दीत झालेलाच नाही.
दोघंही बरोबर होते. दोघांनीही चहा अर्धाच घेतला.
दिल्लीत म्हणे आता सगळ्यांची मिळून एकच संहिता झालीय,
नियम तेवढे ज्याचे त्यानं करायचे.
मी मान डोलवली. मला जावा आठवल्या.

शेडमधला कायदा निराळा.
भट्टीपासून लाडल निघाली की पुढचा ओरडतो: सर!
मराठीत सर म्हणजे बाजूला हो.
हुक्केरीचा निंगाप्पा 'सरि' ऐकतो,
कानडीत तेही बाजूला हो,
आणि बरोबर आहे, असंही.
सोमरा तो शब्द पहिल्याच आठवड्यात शिकला,
एका चटक्यात.
जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही रजिस्टरं उलटली.
त्या शब्दाला कुठंच रकाना नाही.

नवी साखळी आली त्या शनिवारी
निंगाप्पाकडून तिच्या कडीवर पंच मारून घेतला: बावन्न.
निळ्यात बावन्न. लालमध्येही बावन्न.
कुणाला विचारलं नाही.
दाखल्याची झेरॉक्स आता टेम्पोत असते,
काचेजवळच्या गणपतीच्या मागं,
ऊन लागून पिवळी पडायला लागलीय.

भरमा गेटवर बसतो, उजव्या हातानं पास लिहितो.
परवा म्हणाला, अक्का, मी कुठल्या पुस्तकात?
दोन्हीत, म्हटलं. एकातनं सुटलास तर पैसे अडतील.
इकडं तीन, तिकडं तीन?
हो.
त्यानं डावा हात टेबलावर ठेवला, मोजल्यासारखं केलं.
म्हणजे सहा गेली म्हणा की.
हात पाचाचा होता, अक्का.