डावीकडची भिंत

माझं मत विचारशील तर, बे,
बंदुकीच्या गेममध्ये बंदूक भरण्यात वेळ जाऊ नये.
जुन्यात जात नव्हता.
दोन नळ्यांची ती, शटर पाडल्यासारखा आवाज,
आणि समोरचा राक्षस
गड्ड्यातल्या फुग्यासारखा.
आता मॅगझिन काढतात, बघतात, परत बसवतात,
नायकाला मध्येच बायकोची आठवण येते.
अरे मार की.

कन्ना चौकाच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर
गुंडेलींचं सायबर: सहा मशीन, एक पंखा,
तासाला दहा रुपये, चपला बाहेर.
खाली चोवीस माग.
त्या खटखटीत स्पीकर ऐकूच यायचा नाही,
म्हणून आम्ही पावलं डोळ्यांनी ऐकायला शिकलो.
पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन हलला
की तो इरण्णा.

चौकोनांचं मला कधी काही वाटलं नाही.
लोक म्हणतात, काय ते ग्राफिक,
तोंड कुठलं नि टाच कुठली.
आमच्या घरी नायना ग्राफच्या कागदावर
चादरीचा मोर काढायचे,
एकेक घर लाल पेन्सिलीनं भरत.
जवळून बघितलं तर नुसत्या पायऱ्या.
खाटेवर अंथरून दारातून बघितलं तर मोर.
राक्षसाचंही तसंच.
लांबून बघायचा असतो तो.
जवळ आला तर बघायला आपण कुठं उरतो.

आणि जीव.
जुन्यात जीव आकड्यात असायचा. शंभर. त्रेसष्ट. नऊ.
नऊ म्हणजे नऊ,
भिंतीआड बसून कितीही दम खाल्लास तरी दहा होणार नाही.
पांढरी पेटी शोधायची,
नाही सापडली तर नऊवर चालत राहायचं.
आताचा नायक दगडामागं पाच सेकंद बसतो
आणि ठणठणीत.
मागात बोट गेलेली माणसं बघितलीत मी.
पाच सेकंदांत उठलेला एकही नाही बघितला.

इकडं जा, तिकडं जा सांगणारा बाण नव्हता.
निळी किल्ली शोधण्यात
माझा आख्खा मे महिना गेला,
बाहेर चव्वेचाळीस, आत तेच ते भुयार.
खोटं कशाला बोलू, कंटाळा यायचा.
गरगरून उलटीही झाली एकदा, कडक भाकरी-चटणीची,
कीबोर्ड पुसायला गुंडेलींनी माझाच शर्ट मागितला.
आणि लाव्ह्यावरून उड्या मारायची ती लेव्हल
ज्यानं कुणी बनवली
त्याला एकदा भेटायचंय मला.

परवा गुंडेलींच्या पोरानं सगळं भंगारात काढलं.
मशीन नंबर चार मी तीनशेला उचललं.
चालू झालं, खोकत.
सेव्हच्या यादीत एकच नाव उरलेलं: इरण्णा.
जीव सात. गोळ्या शून्य.
लोखंडी दार, दारात तिघं उभे.
असल्या जागी कोण सेव्ह करतं?
मग आठवलं, लाईट जायच्या आधी
गुंडेली जिन्यातून ओरडायचे, "जपून ठेवा रे पोरांनो!"
जो जिथं असेल तिथं ठेवायचा.

अकरा वेळा उघडलं.
अकरा वेळा मेलो.

इरण्णा हुबळीला, फरशीच्या दुकानात.
दोन वर्षांत फोन नाही, भांडण पण नाही, नुसतंच.
लावला.
मागं कुणाचं तरी पोर रडत होतं.
कसा आहेस वगैरे मी विचारलं नाही, म्हटलं:
सात, शून्य, तिघं, लोखंडी दार.
तो गप्प. मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाला,
"दाराकडं काय बघतोस बे.
डावीकडची भिंत बघ.
एक वीट जरा गडद आहे. धक्का दे."

बघितली.
नायना असते तर खाटेवरूनच म्हणाले असते,
इथं एक घर चुकलंय.

"उघडली का?"
उघडतेय, म्हटलं. थांब,
जुनी आहे, सावकाश उघडते.