सरळ रेषेतलं अंतर

अर्जाच्या चौथ्या पानावर एक चौकोन होता:
दोन शाळांमधलं अंतर, किलोमीटरमध्ये,
सरळ रेषेत.
मी दिघ्याच्या शाळेचा लिपिक.
एकोणीस वर्षं दाखले लिहितोय,
माझ्या टेबलावरून सरळ रेषेत गेलेलं
अजून काही पाहिलं नाही.

संगणकानं आकडा दिला, सात हजार नऊशेच्या पुढे.
खाली बारीक अक्षरांत:
एकाच बाजूचं अंतर भरावं,
परतीचा खर्च त्यातच धरला आहे.

ते वाक्य मी दोनदा वाचलं.
इलठणपाड्यात सगळे एकाच बाजूचं अंतर भरून आलेले,
जत, मंठा, गेवराई, जौनपूर.
परतीचं कुणी धरलं नव्हतं.

तिकडे पोर्तुगालात एक गाव आहे,
संगमरवराच्या खाणी, बंद पडून पाण्यानं भरलेल्या.
आमच्याकडे काळ्या दगडाच्या, तशाच.
एवढ्या एका धाग्यावर
विज्ञानाच्या केणीबाईंनी अख्खा प्रकल्प विणला.
पोरांनी बाटलीला सुतळी बांधून खोली मोजली,
सुतळी संपली, खोली संपली नाही,
तसंच लिहून पाठवलं.

पडद्यावर तिकडच्या बाईंनी विचारलं,
तुमचा दगड काळा का?
अश्लेषा धोत्रे, नववी ब, पटकन म्हणाली,
भाजून आलाय ना, मॅडम.
केणीबाईंनी ते इंग्रजीत नेईपर्यंत
थोडं निवलं.
तिच्या आजोबांनी याच डोंगरात सुरुंगाची भोकं पाडली,
डावा कान तिथेच ठेवून आले.

मुदत मंगळवारी, ब्रुसेल्सच्या दुपारी बारापर्यंत,
म्हणजे आमचे साडेतीन.
तीन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
मुख्याध्यापिकेच्या मोबाइलवरून शेवटचं पान गेलं.
गेलं एकदाचं.
पुढे चार महिने काही नाही, आणि मग मंजुरी,
चार मुलं, दोन शिक्षक, सतरा दिवस.

पासपोर्ट काढायला घेतला तेव्हा
कळव्याच्या इस्पितळातून अश्लेषाचा जन्मदाखला निघाला:
तेवीस नोव्हेंबर.
आमच्या रजिस्टरात एक जून.
अक्षर माझं.

आठवतं मला. खिडकीबाहेर रांग,
तिची आई म्हणाली, दिवाळी झाली होती साहेब,
थंडी पडायला लागली होती.
कागद नव्हता हाताशी.
थंडीची तारीख कशी लिहायची?
सहा पूर्ण भरायला हवीत म्हणून मी लिहिलं एक जून.
त्या वर्षी पहिलीतली एकवीस मुलं
एकाच दिवशी जन्मली, माझ्या टेबलावर.
उपकार केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

आता प्रतिज्ञापत्र, पंचांचे जबाब,
ठाण्याच्या कार्यालयात चार खेपा.
तिथला बाबू म्हणाला, पोरगी जाणार पोर्तुगालला,
आणि तुम्ही अजून जूनमध्येच.
मी हसलो. काय करणार.

घर ते शाळा, अश्लेषाचं, सरळ रेषेत नऊशे मीटर.
पण मध्ये कंपनीची भिंत, पाण्याची जाड पाइपलाइन,
नाल्यावरची फळी, जी पावसाळ्यात नसते.
चाळीस मिनिटं चालते.
ह्या अंतराला कुठल्याच पानावर चौकोन नव्हता,
असता तर मी काय भरलं असतं, माहीत नाही.

काल लाल शाईनं जूनवर रेघ मारली,
वर तेवीस नोव्हेंबर, बाजूला सही, शिक्का.
ती टेबलाशी उभी.
सर, मग मी लहान झाले का?
म्हटलं, पावणेसहा महिन्यांनी.
बोटांवर मोजून बघितलं तिनं,
म्हणाली, चांगलंय की, एवढे परत मिळाले,
आणि दप्तर सावरत गेली.

पासपोर्ट अजून आलेला नाही.
उरलेल्या वीस जणांचं पान
मी अजून मिटलेलं नाही.