राहिलेले पेपर

मंगळवारी रणगाडे परत गेले,
शुक्रवारी आमचे सर देशाचे प्रमुख झाले,
आणि आमचे एकेचाळीस पेपर
तपासायचे राहून गेले.

प्रोफेसर एगिल्स विटोलिन्श. खोली क्रमांक चौदा.
कोटाच्या बाहीला कायम खडू.
वीस वर्षं त्यांनी वरून आलेली पंचवार्षिक योजना शिकवली,
इतक्या गंभीर चेहऱ्यानं
की कुणाला कळलंच नाही, ते हसताहेत.
फक्त तास संपता संपता
फळ्याच्या कोपऱ्यात दोन रेघा ओढायचे,
एक चढती, एक उतरती.
जिथं छेदायच्या तिथं बोट टेकवायचे
आणि चकार शब्द न काढता
बाहीनंच पुसून टाकायचे.

पहिल्याच हिवाळ्यात पूर्वेकडून येणारा गॅस बंद झाला.
टीव्हीवर सर आले, तोच कोट.
म्हणाले, तिजोरीत अकरा दिवसांचे पैसे आहेत.
अकरा. त्यांनी बोटंसुद्धा दाखवली,
एक बोट कमी पडलं.
माझी आई म्हणाली, निदान आकडा तरी खरा सांगतो मेला,
आणि पिशवी घेऊन, त्यांच्या नावानं बोटं मोडत
पावाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रांग मिल्डाबाईंच्या दुकानापासून ट्रामच्या वळणापर्यंत.
मी तिच्यामागे उभी राहून हिशोब मांडायचे :
मागणी ही इथं आहे,
दोन-दोन लोकरी मोजे घालून, नाक ओढत.
दुसरी रेघ कुठं आहे, सर?

नव्या नोटेवर तुमचा चेहरा छापू, असं कुणी सुचवलं म्हणे.
सर म्हणाले, ज्याची किंमत रोज घसरणार
त्यावर माझं तोंड कशाला? जवसाचं फूल छापा.
छापलं. निळं.
मार्चपर्यंत त्या फुलात काडेपेटीसुद्धा येईना.

फेब्रुवारीत एक शिपाई, लष्करी बूट घातलेला,
सुतळीनं बांधलेला गठ्ठा विभागात टाकून गेला.
आमचे पेपर.
मेणबत्तीचे डाग होते त्यांवर,
म्हणजे महालातही वीज जात होती.
प्रश्न पहिला : टंचाई म्हणजे काय, सोदाहरण लिहा.
मी सगळं पुस्तकातलं लिहिलं होतं,
टंचाई कशी फक्त भांडवलशाहीत असते, वगैरे. दोन पानं.
समासात हिरव्या पेन्सिलीनं :
‘पाठांतर. खिडकीबाहेर बघा.’
दहापैकी चार. नापास.
आणि खाली, बारीक अक्षरात, जणू माझ्यासाठी नव्हेच :
‘मीही या पेपरला पुन्हा बसतो आहे.’

दोन वर्षांनी निवडणुकीत ते पडले.
आईनं विरोधात मत दिलं. मीही दिलं,
पेन्शनीत महिन्याला नऊ पाव येत होते तेव्हा,
आणि मला त्याची लाज वाटत नाही,
रोज वाटत नाही.

ऑक्टोबरात ते चौदा नंबरमध्ये परतले,
कोट तोच, खांद्यात सैल झालेला.
हजेरी घेतली. माझ्या नावापाशी क्षणभर थांबले,
नापास कोण कोण ते त्यांना पाठ होतं.
मग त्या दोन रेघा ओढल्या, या वेळी फळ्याच्या मधोमध.
बोट टेकवलं.
‘इथं,’ म्हणाले, ‘इथं माणसं उभी असतात. थंडीत.
हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.
मला माहीत नव्हतं.’
पुढचं काही लिहायला गेले
आणि खडू मोडून संपला.
कुणाकडे आहे का, विचारलं.
कुणाकडेच नव्हता.