शून्य म्हणजे उघडं

मिठबावच्या खाडीवर, बांधाच्या पोटाशी,
सिमेंटच्या खांबाला जखडलेली एक पांढरी डबी.
आत पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक.
त्याला पडदा नाही, कळफलक नाही,
डोक्यावर सोलर, पाण्यात सोडलेल्या दोन वायरी.
काम एवढंच :
अलीकडे गोडं किती, पलीकडे खारं किती,
दर दहा मिनिटांनी लिहून ठेवायचं.

अमावास्येच्या उधाणात त्याचं कार्ड मेलं.
नवं मीच घातलं, घाईत,
पाणी पोटरीला लागत होतं.
तेव्हापासून तो तारीख लिहितो, वेळ लिहितो,
पुढचा रकाना कोरा.

आणि मी देवगडात जेवता जेवता फोनवर बघते
माझ्याच स्क्रिप्टचा अहवाल :
पहिलं दार उघडं. दुसरं उघडं. तिसरं उघडं.
अकरा दिवस
सगळी दारं उघडी, आणि आत कुणी येत नाही.

बाराव्या दिवशी स्कूटर काढली.
भात दुधावर आलेलं. बांधावर जनू तारी,
उघाडीच्या फळ्या उन्हात टाकून
त्यांच्यावरचे कालवांचे कवच कोयत्यानं खरवडत बसलेला.
"तुजा यंत्र आजारी आसा काय गो?"

डबीच्या कोपऱ्यात मुंगळ्यांचं बिऱ्हाड.
फुंकर मारली, लॅपटॉप मांडीवर घेतला, वायर जोडली,
आणि स्क्रिप्टला बाजूला बसवून
एकेक दार स्वतः विचारलं.
सेन्सरचं? एक.
त्याच्या शेजारचं? एक.
सिरियलचं? एक.

एक म्हणजे हो. असं मी धरून चाललेले.
शाळेत पाटीवर, घरी दिव्याच्या बटणावर,
कुठंही एक म्हणजे आहे, शून्य म्हणजे नाही.
मग माहितीचं पान उघडलं, हळू वाचलं :
इथं शून्य म्हणजे चालू.
एक म्हणजे बंद.

कोऱ्या कार्डावर सगळी दारं लावलेली येतात.
यंत्र अकरा दिवस खरंच सांगत होतं,
मीच त्याच्या तोंडी उलटं उत्तर घालत होते.

जनूला सांगितलं. वाटलं, हसेल.
त्यानं कोयता खाली ठेवला, खांबाकडे बोट केलं.
"फळयो घातलय की मी थयसर फडको बांधतंय.
फडको नाय, म्हणजे उघाडी उघडी.
होडयेतसून माणसाक काय नाय दिसला
की समाजता, पाणी जातासा.
सांगूचा लागता ता बंद आसता तेवाच."

मी काही बोलले नाही.
सेन्सरच्या दारावर शून्य लिहिलं, यंत्र परत चालू केलं,
आणि खालच्या पाण्याला हाक मारून पाहिली.
पडद्यावर आडव्या रेघांचे वाफे,
ओळीमागून ओळ, रिकामे, पेरणीच नाही झालेली,
आणि चौथ्या ओळीच्या खाली, एकटंच उगवलेलं :
४८.

दहा मिनिटं थांबलो दोघं. त्यानं विडी संपवली.
रकान्यात आकडा पडला.
"कितको?" मी सांगितला.
तो खांबाशी जाऊन वाकला, वीत लावली, दोन बोटं वर.
"बरोबर आसा," म्हणाला, यंत्राला की पाण्याला, कळलं नाही.

तेव्हा दिसल्या खांबाच्या सावलीतल्या बाजूला
कोळशाच्या अकरा रेघा,
रोजच्या भरतीची एकेक, काही पुसट,
एक तर बरीच वर, बाजूला फुली.
"त्या रात्री झोपाक नाय," एवढंच.

मी त्या उतरवून घेतल्या.
कोऱ्या रकान्यांत नाही घातल्या,
शेजारी नवा रकाना काढला : वीत, बोटं.
स्क्रिप्टमध्ये तुलनेची खूण फिरवली,
आणि तिच्या वर एक ओळ लिहिली
जी यंत्र वाचत नाही, ओलांडून जातं :
फडका नाही म्हणजे उघडं.

परतताना पाणी फिरलं होतं.
पुलावरून मागे पाहिलं. खांबावर फडका.
फळ्या पडल्या.